शून्य तारखेची माणसं

बुरुलला लाल रंग खपत नसे. कपड्यांतला नव्हे. कपड्यांत ती एक लालभडक शाल हिवाळाभर मिरवायची. तिचं वैर होतं ते संगणकाच्या पडद्यावरच्या लाल रंगाशी. माणूस बिचारा नाव, पत्ता, फोन नंबर भरून बटण दाबतो आणि रकान्याभोवती लाल रेघ उमटते, खाली दोन शब्दांची तंबी मिळते: 'माहिती चुकीची'. काय चुकलं, का चुकलं, बरोबर काय लिहायचं, याचा पत्ता नाही. बिश्केकमधल्या तिच्या ओळखीच्या प्रत्येकाने तिच्या तोंडून एकदा तरी ऐकलं होतं की असल्या फॉर्मपेक्षा शिव्या बऱ्या, शिव्या देणाऱ्याचं तोंड तरी दिसतं.

आणि हेच तिचं पोटापाण्याचं काम होतं. सर्कशीच्या मागच्या रस्त्यावर एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, अकरा माणसांची एक कंपनी होती. वेबसाइट बांधणारे प्रोग्रामर प्रत्येक फॉर्म काही मुळापासून लिहीत बसत नाहीत, तयार तुकडे आणतात आणि जोडतात. नावाचा रकाना, तारखेचा रकाना, पासपोर्ट नंबरचा रकाना, आणि त्या रकान्यात काय चालेल, काय चालणार नाही हे तपासणारे नियम. असे तुकडे ही कंपनी बनवायची. ते दिसावेत कसे, वागावेत कसे, भरणाऱ्याची चूक झाली तर त्याला काय म्हणावं, हे सगळं बुरुल ठरवायची. अडतीस वर्षांची, उंच, घटस्फोट घेऊन दोन खोल्यांत एकटी राहणारी, आणि आपल्या कामाच्या बाबतीत एखाद्या मुल्लापेक्षा कडक. बँकेच्या यंत्रासमोर ती मुद्दाम चुकीचा आकडा दाबायची, यंत्र काय बोलतं ते बघायला. मागे रांग खोळंबलेली असायची. लोक कुरकुरले तर ती वळून म्हणायची, "तुमच्यासाठीच बघतेय हो."

तिच्या या वेडाचं मूळ एका काचेच्या खिडकीत होतं. ती चोवीस वर्षांची असताना वडिलांना घेऊन जिल्ह्याच्या गावी गेली होती, त्यांच्या पेन्शनच्या कागदांसाठी. वडील, ओसमोनाली, जन्मले डोंगरावरच्या कुरणात, उन्हाळी तंबूत. तारीख कुणी टिपून ठेवणार? त्यांच्या आईला एवढंच आठवायचं की मेंढ्यांची लोकर कापणं चाललं होतं. पुढे कारकुनाने पासपोर्टवर लिहिलं: ००.००.१९४७. दिवस शून्य, महिना शून्य. त्यांच्या सारी-केचू गावात त्या पिढीची अशी कितीतरी माणसं होती आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. खिडकीतल्या बाईला मात्र वाटलं. तिचा संगणक शून्य घेईना. तिने काचेच्या भोकातून साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कुणी शून्याला जन्मतं का, आजोबा? तुम्ही माणूस आहात की मेंढरू?"

रांग हसली. बुरुलचं रक्त उसळलं. पण तिला आयुष्यभर टोचत राहिलं ते वेगळंच. त्या हसण्यात तिचे वडीलही सामील झाले होते. टोपी हातात धरून, मान खाली घालून, ते सगळ्यांबरोबर हसले होते. त्या दिवशी कागद परत आले, आणि नंतरही तीनदा परत आले.

म्हणून बुरुलने जे बनवलं ते कुणालाही परत पाठवायचं नाही. त्या तुकड्यांच्या संचाला तिने नाव दिलं 'जेंगे'. जेंगे म्हणजे वहिनी. त्यांच्याकडे नणंद चारचौघांत काही चुकली तर सासू डोळे वटारते, जेंगे मात्र हळूच बाजूला घेऊन डोक्यावरचा रुमाल नीट करते आणि कुणाला कळू देत नाही. तिचा फॉर्म तसा वागायचा. फोन नंबरात कुणी मोकळी जागा सोडली तर ती गुपचूप मिटवायचा. नाव लहान अक्षरांत लिहिलं तर मोठं करायचा. शेवटी एक हिरवी खूण आणि 'तुमची नोंद झाली, धन्यवाद'.

प्रोग्रामर लोकांसाठी तिने पडद्यावर एक पाटी बनवली होती, तिच्यावर प्रत्येक नियमापुढे तीन बटणं: अडव, सांग, सावर. चूक आढळली तर माणसाला अडवायचं, का नुसतं सांगायचं, का आपणच सावरून घ्यायचं, हे प्रोग्रामरने निवडायचं. पाटी अशी सुबक होती की कंपनीचा मालक एर्मेक तिची चित्रं पाहुण्यांना दाखवायचा. सगळ्या नियमांपुढे आधीपासून 'सावर' दाबलेलं असे. आणि आयतं दाबलेलं बटण जगात कुणी बदलत नाही. बुरुलला हे पक्कं माहीत होतं, तिचं सगळं शहाणपण त्यावरच उभं होतं.

तारखेच्या रकान्यासाठीही तिने तोच नियम केला. दिवस शून्य आला तर एक करायचा. महिना शून्य आला तर एक करायचा. शून्य-शून्य-सत्तेचाळीसचा माणूस गुपचूप एक जानेवारी सत्तेचाळीसचा होऊन पुढे जायचा, हिरवी खूण घेऊन.

तिलेक म्हणून एक प्रोग्रामर तेव्हा तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप, सदा थट्टेवर. तो तिला सगळ्यांसारखंच एजे म्हणायचा, म्हणजे ताई. त्या दिवशी मात्र तो थट्टा करत नव्हता.

"एजे, तारीख बदलली हे त्या माणसाला आपण सांगतो कुठे?"

"सांगायचं कशाला? जन्मभर त्यांना सांगणारेच भेटलेत."

"पण बदललेली तारीख खोटी आहे."

"आणि शून्य खरं आहे? कुणी शून्याला जन्मतं का?"

काचेमागच्या बाईचंच वाक्य आपल्या तोंडून गेलं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. तिलेकने खांदे उडवले. माहितीपुस्तकाच्या अकराव्या पानावर तिने त्या नियमाची एक ओळ तेवढी घातली. अकरावं पान कोण वाचतो?

जेंगे खपली, चांगली खपली. दवाखाने, शाळा, घोड्यांच्या शर्यतीची नोंदणी, सगळीकडे ती हिरवी खूण दिसायला लागली. एर्मेक बाइके, म्हणजे एर्मेकदादा, सगळ्यांना सांगत सुटला की आमच्या फॉर्मवरून कुणी रिकाम्या हाताने जात नाही. बुरुलचा पगार वाढला, आणि खरं सांगायचं तर तिचं नाकही जरा वर गेलं.

मग पहिलं पत्र आलं. नारिनकडच्या कुणा मुलीने लिहिलं होतं की तिच्या आजोबांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी फॉर्म भरला, नोंद झाल्याचं उत्तर आलं, आणि नव्वद किलोमीटर जाऊन पोचल्यावर दवाखान्याने सांगितलं की असा माणूस यादीत नाहीच. पासपोर्टशी तारीख जुळत नव्हती. बुरुलने ते पत्र दोनदा वाचलं. तिने अतिशय गोड शब्दांत उत्तर लिहिलं की कृपया दवाखान्याशी संपर्क साधावा, आणि पत्र मिटवून टाकलं. महिन्याभराने दुसरं आलं, एका बाईचं, आईच्या औषधांबद्दल. तिलाही तितकंच गोड उत्तर गेलं. बुरुल वाईट बाई नव्हती. पण ज्या गोष्टीवर आपण आपला सगळा मान उभा केलेला असतो ती पोखरलेली आहे हे बघायला कुणाची नजर तयार होते? तिची झाली नाही. तिसरं पत्र तिने उघडलंच नाही.

त्या वसंतात तिलेक नोकरी सोडून सारी-केचूच्या जिल्ह्याच्या कार्यालयात लागला. सारी-केचूच्या वर, बर्फाच्या पायथ्याशी, एक तळं आहे. बर्फ वितळून साचलेलं पाणी, आणि त्याला बांध कसला, तर सुट्या दगडगोट्यांचा आणि आत गोठलेल्या बर्फाचा. असा बांध एक दिवस सुटतो. जिल्ह्याच्या कार्यालयाने तळ्यावर पाण्याची पातळी मोजणारं यंत्र बसवलं आणि गावकऱ्यांची नोंदणी काढली. धोका दिसला की नोंद झालेल्या प्रत्येकाच्या फोनवर मेसेज जाणार, कुणी कुठल्या गाडीत बसायचं तेही त्यात असणार. गावातला जुना भोंगा कधीच गंजून पडला होता, तो दुरुस्त करायचं त्यानंतर कुणी मनावर घेतलं नाही. नोंदणीची वेबसाइट बांधायचं काम तिलेकला मिळालं. मुदत तीन आठवडे. त्याने हाताशी असलेली जेंगे उचलली आणि जशीच्या तशी बसवली. वर एक चाळणी लावली: नाव, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, तिन्ही सरकारी दप्तराशी जुळलं तरच माणूस यादीत. न जुळणारे एका बाजूच्या गठ्ठ्यात. गठ्ठ्यातल्या लोकांना फोन करायला एक कारकून नेमायचा ठरला होता. ती जागा भरलीच गेली नाही.

मे महिन्यात ओसमोनालीचा फोन आला. म्हातारा एवढा खुशीत बुरुलने कधी ऐकला नव्हता.

"पोरी, तुझा फॉर्म भरला. शून्यं घातली दोन्ही. काही म्हणजे काही बोलला नाही. हिरवी खूण आली."

"मग? मी केलाय तो, आके." लेकीने बापाला आके म्हणायची त्यांच्याकडे रीत.

"शेजारच्या इसाबेकला दाखवलं. तो म्हणाला, आमचाही भर. मग वरच्या आळीतल्या सगळ्या शून्यवाल्यांना घरी बोलावलं आणि दिवसभर भरत बसलो. तुर्सुन तर रडली. म्हणाली, पहिल्यांदा कुणी मला परत पाठवलं नाही."

फॉर्मवर आणखी एक चौकट होती. सत्तरीच्या पुढच्यांसाठी वेगळी गाडी, आधार द्यायला माणसासकट. सगळ्यांनी तिच्यावर खूण केली होती. बुरुलने फोन ठेवला आणि खिडकीपाशी उभं राहून ती थोडा वेळ रडली. चौदा वर्षांपूर्वीच्या त्या रांगेचं उट्टं आज निघालं असं तिला वाटलं. तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस होता. त्या दिवशी तिला तो दवाखाना आठवला नाही, आठवू दिला नाही म्हणणं जास्त खरं.

जुलैत ऊन असं तापलं की बिश्केकच्या रस्त्यावर डांबर बुटाला चिकटायला लागलं. ओसमोनाली फोनवर जर्दाळूंबद्दल बोलायचा, गुडघ्यांबद्दल बोलायचा, आणि एकदा बोलता बोलता म्हणाला की नदी उतरलीय.

"एवढ्या उन्हात?" बुरुलने विचारलं.

"तेच तर. ऊन असं की बर्फाचं पाणी धो-धो यायला हवं, आणि नदीत गोटे उघडे पडलेत. पाणी वरच कुठेतरी बसलंय. माझ्या बापाच्या वेळी असं झालं की लोक जनावरं सोडून टेकडीवर जायचे."

"मग तुम्ही जा ना टेकडीवर."

"आता कशाला? आता मेसेज येतो."

तो हे अगदी सहज म्हणाला. साठ-सत्तर वर्षं ज्या माणसांनी पाण्याचा रंग बघून, गुरांचे कान बघून आपापला निर्णय घेतला, ती माणसं आता ओसरीत बसून फोनकडे बघत होती. आणि का बघत होती? तर बुरुलने केलंय म्हणून. तिला त्या वेळी थोडं कसंसं झालं. पण एर्मेक बाइके दारात उभा होता, बैठक होती, पाहुणे आले होते. ती पाटी दाखवायला गेली.

गुरुवारी दुपारी तीनला तळ्यावरच्या यंत्राने धोक्याची रेघ ओलांडली आणि मेसेज सुटले. बुरुलला याची गंधवार्ता नव्हती. तिला कळलं ते तिलेकच्या फोनमुळे, चारला वीस मिनिटं कमी असताना. त्याचा आवाज मोकळा झालेल्या माणसाचा होता. त्याने सांगितलं की सारी-केचू रिकामं झालं, सहाशे बारा माणसं चाळीस मिनिटांत ट्रकने खिंडीखाली आली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, साहेब खूश आहेत. मग नेहमीच्या सवयीने थट्टेवर आला.

"एजे, एक विचारू? तुमच्या गावात पहिल्या जानेवारीला जन्मायची पद्धत आहे का?"

बुरुलने हातातला चहा खाली ठेवला.

"का?"

"बाजूच्या गठ्ठ्यात तेवीस माणसं पडलीत, आत्ता सहज उघडून बघितलं. सगळ्यांचा वाढदिवस एकच. मला वाटलं नोंदी दुहेरी झाल्यात."

"कुठे आहेत ती माणसं, तिलेक?"

"यादीतले सगळे खाली आलेत, एजे."

"मी यादीतल्यांचं विचारत नाहीये."

मग तिने त्याला नावं वाचायला सांगितली. त्याने वाचली. तिसरा इसाबेक. चौथा ओसमोनाली. सहाव्या नावावर तिलेक स्वतःच थांबला, कारण तोवर त्यालाही कळलं होतं, अकरावं पान त्यालाही आठवलं होतं. "एजे," तो एवढंच म्हणाला आणि फोन चालू ठेवून साहेबाकडे धावला. बुरुलला फोनमधून पावलं ऐकू आली, दार ऐकू आलं, मग दुरून एक जाड शांत आवाज. यादी पूर्ण आहे, तो आवाज म्हणत होता. यादीतल्या प्रत्येकापुढे खूण आहे. वर कुणी नाही. खिंडीतला रस्ता बंद केलाय आणि एका अफवेसाठी मी ड्रायव्हर वर पाठवणार नाही. तिलेक ओरडत होता. तो शांत आवाज तसाच शांत राहिला.

बुरुलने ऑफिसातला दुसरा फोन घेतला आणि वडिलांना लावला. लागेना. सगळं खोरं त्या वेळी एकमेकांना फोन करत होतं. तिने पुन्हा लावला. घाईत आकडे चुकत होते आणि फोन तिला निर्विकारपणे सांगत होता की हा नंबर अस्तित्वात नाही. सातव्यांदा लागला.

"आके, कुठे आहात?"

"घरीच. अजून कुठे असणार?" मागे कपांचा आवाज येत होता. कुणीतरी हसत होतं. "सगळे इथेच आहेत. वरच्या आळीत आपल्याच ओसरीत फोन नीट लागतो ना, म्हणून सगळ्यांना बोलावून घेतलं. तुर्सुनने बोरसोक तळून आणलेत. आमची गाडी यायचीय."

"ट्रक गेले ना?"

"गेले की. पोरं म्हणत होती, चला आमच्याबरोबर. मी म्हटलं, आमची वेगळी गाडी आहे, बुरुलने सगळं केलंय. आम्हाला मेसेज आला की आम्ही उठू. बोलावल्याशिवाय उठायचं वय आहे का आमचं?"

बुरुलने डोळे मिटले. या वाक्यापर्यंत तिच्या मनात कुठेतरी वेडी आशा होती की कुणीतरी त्यांना ओढून नेलं असेल.

"आके, मेसेज येणार नाही. गाडी येणार नाही. तुमची नावं यादीत नाहीत."

"असं कसं? हिरवी खूण आली होती."

"ती मी काढलेली खूण आहे. ती खोटी होती. फॉर्मने तुमच्या तारखा बदलल्या, तो नियम मी केला होता. चूक माझी आहे, आके. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना घेऊन कबरस्तानाच्या टेकडीवर जा. काही बरोबर घेऊ नका."

पलीकडे कुणीतरी ओसमोनालीला साखर पुढे करत होतं, तो नको म्हणाला. मग तो फोन घेऊन भिंतीच्या बाजूला वळला असावा, कारण त्याचा आवाज एकदम जवळ आला.

"हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"आके, फोनचा आवाज मोठा करा. मी सांगते सगळ्यांना. माझ्या तोंडून ऐकतील तर लगेच उठतील."

"नाही."

"आके, ऐका..."

"तू ऐक. हे लोक आत्ता तुझ्या नावाने दुआ करून बसलेत. इसाबेकने स्वतः हात वर केले. असलं काही चारचौघांत बोलायचं नसतं, पोरी. तुझं नाव खाली जाईल असं मी या घरात काही होऊ देणार नाही. मी उठवतो त्यांना. तू बोलू नकोस."

"नाव खड्ड्यात जाऊ दे, आके. लवकर उठवा."

पण त्याने फोन टेबलावर ठेवला होता. बंद केला नव्हता, बंद करायचं त्याला कधी जमतच नसे. तिला त्याचा खाकरण्याचा आवाज आला, आणि मग तो यजमानाच्या भारदस्त सुरात म्हणाला, "चला मंडळी, बोलावणं आलं. गाडी कबरस्तानापाशी उभी राहील म्हणतात. सावकाश चला, घाई नाही."

घाई नाही. बुरुल फोनमध्ये ओरडली. ऑफिसातले सगळे उठून उभे राहिले. एर्मेक बाइके आपल्या खोलीतून बाहेर आला. तिकडे ओसरीत इसाबेक म्हणाला, बघा, म्हटलं नव्हतं, मुलगी विसरणार नाही. कपातला चहा संपवला जात होता. काठ्या शोधल्या जात होत्या. तुर्सुन उरलेले बोरसोक फडक्यात बांधून घेत होती, ड्रायव्हरला द्यायला.

दुसऱ्या कानाशी तिलेक होता. तो साहेबाच्या खोलीतून परत येऊन यंत्राच्या पडद्यासमोर बसला होता.

"एजे, आकडा उतरतोय."

"उतरतोय म्हणजे?"

"तळ्यातलं पाणी कमी होतंय. म्हणजे ते तिथून निघालंय." तो रडत होता. "बारा मिनिटं. फार तर पंधरा. टेकडी किती लांब आहे?"

"दहा," बुरुल म्हणाली. "त्यांच्या पायांनी दहा."

ओसरीत पावलं दाराकडे सरकली आणि थांबली. सारी-केचूत वडीलधाऱ्याच्या आधी कुणी उंबरा ओलांडत नाही. लग्न असो, मयत असो, आग लागो. आणि त्या तेवीस जणांत थोरलं कोण, हे कुठल्याही कागदावरून कळत नव्हतं, कारकुनांनी सालंही अंदाजानेच घातली होती. एक म्हातारा म्हणाला, इसाबेक, तुम्ही निघा. इसाबेक म्हणाला, छे, माझ्यापेक्षा तुर्सुन मोठी. तुर्सुन म्हणाली, मला म्हातारी करू नका, तुम्ही मोठे, तुम्ही जन्मलात तेव्हा रोगाने घोडे मेले होते, माझ्या वेळी नव्हते. कुणीतरी हसलं. ओसमोनाली त्यांना चला, चला म्हणत होता, पण हळू, पाहुण्यांना म्हणतात तसं. पाणी सुटलंय, एवढे दोनच शब्द त्याने उच्चारले असते तर काठ्या टाकून धावली असती ती माणसं. पण त्या दोन शब्दांमागोमाग पुढचा प्रश्न आलाच असता, मग आम्हाला आधी का नाही कळवलं, आणि त्याचं उत्तर त्याच्या लेकीचं नाव होतं. तो ते दोन शब्द उच्चारत नव्हता.

बुरुलचा आवाज बसला होता. तरी ती ओरडत होती, चूक माझी आहे, धावा, चूक माझी आहे. टेबलावरच्या फोनकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दारात इसाबेक सांगत होता की मोठा बर्फ पडला त्या साली तो नुकताच रांगायला लागला होता, आणि तुर्सुन तेव्हा चालत होती, त्याच्या आईने डोळ्यांनी बघितलं होतं, तेव्हा तुर्सुननेच पुढे व्हावं.